तिसऱ्या साक्षीदाराची सही

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. पण रागात मी डोळे मिटत नाही. नागपूरच्या बेसा भागातल्या एका लॅबमध्ये नऊ वर्षं लोकांचं रक्त घेते. नळीवरचं नाव, फॉर्मवरचं नाव आणि माणसानं तोंडानं सांगितलेलं नाव, तिन्ही जुळल्याशिवाय सुई टोचत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत. तेव्हा इथं जे सांगतेय तेही दोनदा तपासूनच सांगतेय.

राग आजीकडून आला आहे. माझी आजी इंदूबाई, छप्पन साली नवी नवरी असताना धोंडबा आबांसोबत दीक्षा घेतलेली बाई. त्यांचं लग्न चारचौघांत झालं, पण कागदावर झालं नाही. आबा गेल्यावर हुडकेश्वरच्या आमच्या प्लॉटवर तिचं नाव चढवायचं होतं, तर खिडकीतल्या माणसानं विचारलं, बाई, तुम्ही त्यांच्या बायको कशावरून? पाच लेकरांच्या आईला! दोन वर्षं तिनं चकरा मारल्या. तेव्हापासून आमच्या घरात नियम एकच, आधी कागद आणि मग पेढे. कागदावर नाही ते नाहीच, असं आजी म्हणते, आणि मी ते ऐकतच मोठी झाले.

म्हणून आयुषला मी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, लग्न करीन तर रजिस्टर. आयुष गांधीबागेत एका कापडाच्या ठोक दुकानात माल रवाना करण्याचं काम बघतो. त्याचे आईवडील काटोलच्या पलीकडं एका गावात राहतात, संत्र्याची बाग आहे. जात वेगळी, धर्म वेगळा. त्याची आई वच्छलाबाई पाच वर्षं माझं नाव ऐकायला तयार नव्हती. मग या एप्रिलमध्ये अचानक निरोप आला, अक्षय तृतीयेला पोरीला घेऊन ये. मला शंका यायला हवी होती. पण सहा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला शंका कुठून येणार?

त्या दिवशी रविवार होता. त्यांच्याकडं त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीच्या घागरी भरतात. पुरणपोळी होती, चिंचवणी होती. भिंतीवर आजोबा-पणजोबांचे फोटो होते, सगळ्यांना हार. एका फोटोला मात्र हार नव्हता. चोवीस वर्षांचा पोरगा, केस पाण्यानं चापून बसवलेले. तो आयुषचा मोठा भाऊ गुणवंत. दहा वर्षांपूर्वी बागेत साप चावून गेला, एवढं आयुषनं मला सांगितलेलं होतं.

जेवणं झाल्यावर वच्छलाबाईनं मला त्या फोटोसमोर पाटावर बसवलं. समोर हळदीचं ताट होतं. ओल्या हळदीत आधीच कोणाची तरी चार बोटं उमटलेली होती. ताटाच्या काठावर एक कोरा कागद आणि पेन.

"तुहं पूर्ण नाव लिहून दे वं," ती म्हणाली. "बापाचं, आज्याचं, आडनाव, सगळं. अन् खाली सही कर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आडनाव पाहिजे ना? पुरणपोळी खाऊ घालून शेवटी आडनावावरच यायचं होतं ना? म्हटलं, घ्या. मेघा, धम्मानंद, धोंडबा, आडनाव, सगळं ठळक अक्षरात लिहिलं. सही तर अशी दाबून केली की शेवटच्या फराट्याला कागद टर्रकन फाटला आणि पेन हळदीत घुसलं. बोटं माखली. वच्छलाबाईनं तो कागद फोटोच्या चौकटीमागं सरकवला, माझ्या डोक्यावर चार तांदूळ टाकले आणि म्हणाली, सुखी राय. मला वाटलं, मी जिंकले. परत येताना गाडीवर आयुषला मी आपली शौर्यगाथा ऐकवत होते. तो हसला नाही, ऊन लागलं असेल.

घरी येऊन हात धुतले तर नखांतली हळद लालभडक झाली. त्यात काही चमत्कार नाही, हळदीला साबण लागला की ती लाल होते. पण ती निघेना. आजीनं माझा हात धरून उजेडात नेला आणि हळद कोणी लावली म्हणून विचारलं. कोणी नाही, ताटात बोटं बुडाली, मी म्हटलं.

"ताट कोरं होतं का?"

मी म्हटलं, नाही, आधीच कोणाची तरी बोटं होती त्यात. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, उष्टी हळद, तेवढं मलाही माहीत आहे. पण नवरदेव तर जेवण उरकून बाहेर ओसरीत बसला होता, त्याला कोणी हळद लावलीच नव्हती. आजीनं अर्ध्या लिंबानं माझी नखं घासून काढली, तरी काही उपयोग झाला नाही.

सोमवारी आम्ही सिव्हिल लाईन्समधल्या विवाह नोंदणीच्या कार्यालयात नोटीस दिली. वेगवेगळ्या धर्माची माणसं लग्न करणार असली की तीस दिवस त्यांचं नाव-गाव-फोटो तिथल्या जाळीच्या फळ्यावर टांगून ठेवतात. कोणाची हरकत असेल तर घ्या! भाजी निवडल्यासारखे रिकामटेकडे लोक ते फळे वाचत उभे असतात. तीस दिवस झाले की दोघांनी आणि तीन साक्षीदारांनी पुस्तकात सही करायची, मग सर्टिफिकेट मिळतं. मी मोबाईलमध्ये तारीख लावून ठेवली.

दहाव्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी सहज फळा बघायला गेले. आमची नोटीस नव्हती. वरची होती, खालची होती, आमच्या जागी चार टाचण्यांची भोकं होती.

आत कूलर घरघरत होता, खसचा ओला वास येत होता. पुस्तकांच्या कपाटापाशी नत्थू नावाचा म्हातारा कर्मचारी बसतो. मी आवाज चढवूनच विचारलं, नोटीस कुठं गेली? त्यानं चष्मा पुसला, माझ्याकडं बघितलं आणि अभिनंदन केलं. म्हणाला, लग्न झालं की नोटीस काढून टाकतो आम्ही.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मला ठाऊक आहे. पण इथं तर लग्नच परस्पर उरकून टाकलं होतं! मी म्हटलं, पुस्तक दाखवा. त्यानं कुरकुर न करता कपाट उघडलं, जाड रजिस्टर काढलं आणि बरोबर पान काढून दिलं.

वधूच्या रकान्यात माझं नाव होतं, बाबांचं, आबांचं, आडनाव, ठळक अक्षरात. खाली माझी सही. सहीच्या शेवटच्या फराट्याला कागद फाटलेला होता आणि फाटीच्या कडेला पिवळा डाग.

वराच्या रकान्यात गुणवंत रुपराव. वय चौतीस. फोटोची चौकट रिकामी.

तारीख अक्षय तृतीयेची. साक्षीदार पहिला, आयुषचे वडील रुपराव. साक्षीदार दुसरी, वच्छला. तिसरी ओळ कोरी.

मी ते पान नखानं खरवडून बघितलं. चिकटवलेलं नव्हतं. शिवणीतलंच पान होतं, वर छापील नंबर होता, आधीचं लग्न शुक्रवारचं आणि नंतरचं सोमवारचं. मी म्हटलं, त्या दिवशी रविवार होता, तुमचं कार्यालय बंद होतं.

"मी पुस्तक सांभाळतो मॅडम. तारीख नाही," नत्थू म्हणाला. "तुम्हीच तर आल्त्या."

"माझं तोंड बघितलं तुम्ही?"

"दुपट्टा बांधला होता. नागपुरात उन्हाळ्यात कोण्या बाईचं तोंड दिसते?"

"आणि नवरदेव?"

"थे आत नाही आले. बाहेर उभे होते." त्यानं खिडकीतून पार्किंगकडं बोट केलं. "बहुत येळ उन्हातच उभे होते."

पार्किंगमध्ये सावलीचं एक झाड नाही. मी उगाच तिकडं बघत राहिले.

मग मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून विवाह अधिकारी मॅडम बाहेर आल्या. त्यांनी पान वाचलं, माझं आधारकार्ड बघितलं, सही जुळवली. सही माझीच होती, मी तरी काय नाही म्हणणार? बोगस सही एवढ्या रागानं कोणी करत नाही. मॅडम म्हणाल्या, तिसऱ्या साक्षीदाराची सही बाकी आहे म्हणून सर्टिफिकेट निघालेलं नाही, आणि जोवर ही नोंद उभी आहे तोवर दुसऱ्या कोणाशी तुमचं लग्न मी लावू शकत नाही. मी ओरडले, अहो, हा माणूस मेलाय! दहा वर्षं झाली!

त्या शांतपणे म्हणाल्या, मग सोपं आहे, मृत्यूचा दाखला आणा, नोंद रद्द करते.

बाहेर आले तेव्हा मला चक्क हलकं वाटत होतं. कागदानं झालेला घोळ कागदानं सुटतो. कोणीतरी खोडी केली, त्या घरातलाच कोणीतरी, आणि एका दाखल्यात त्यांचे दात घशात घालता येणार होते. तिथूनच आयुषला फोन लावला आणि दादाचा मृत्यूचा दाखला मागितला.

त्यानं आधी आवाज खाली केला. मग म्हणाला, दाखला नाही. काढलाच नाही.

संध्याकाळी तो हुडकेश्वरला आला, आमच्या फाटकाबाहेर उभा राहिला आणि खाली मान घालून सगळं बोलला. त्यांच्याकडं जवान पोरगा बिनलग्नाचा गेला तर जाळायच्या आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावतात. नाहीतर तो घर सोडत नाही आणि मागच्या भावाचं लग्न होऊ देत नाही, असं मानतात. वच्छलाबाईनं रुई अंगणातून फेकून दिली. माह्या पोराचं लग्न झाडाशी नाही, बाईशीच लागन, म्हणाली. ग्रामपंचायतीनं नोंदीसाठी तीनदा बोलावलं, ती गेली नाही. रेशनकार्डावर गुणवंतचं नाव आजही आहे.

"मी खांदा देल्ला त्याले, मेघा," आयुष म्हणाला. "आग मी लावली. मले माहीत नाही का?"

"मग हे मला सहा वर्षांत एकदाही काहून नाही सांगितलं?"

मी त्याच्यासमोरच त्याच्या आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी तिला फसवी म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. कोणत्या माणसाला हाताशी धरून पुस्तकात नोंद केली ते विचारलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "म्या कुठं गेली नाही वं. नागपूर पाहून मले चार वर्सं झाले. तुह्याच हातानं तू लिहून देल्लं, म्या फक्त त्याच्यापाशी ठेवलं."

"तो मेलाय!"

"कोण्या कागदावर?"

फोन मी ठेवला की तिनं, ते आठवत नाही. ओट्यावर आजी बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कागदावर नाही ते नाहीच, हे तिचंच वाक्य होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचाही राग आला.

पुढचे वीस दिवस मी भांडत होते. वकील झाला, अर्ज झाले, वच्छलाबाईवर पोलिसांत तक्रार द्यायला गेले तर तिथला माणूस हसला. लॅबमध्ये दोनदा चुकीच्या नळीवर चुकीचं नाव चिकटवलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा. हातमोजे घालताना नखं दिसायची. पिवळी नाही, लालच. शेवटी मॅडमनीच वाट सांगितली. दाखला नसेल तर सख्ख्या भावाचं प्रतिज्ञापत्र चालेल. माझा भाऊ अमुक तारखेला मरण पावला, मी स्वतः अग्नी दिला, असं लिहून द्यायचं. आयुष लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मला त्याच्यावरचा सगळा राग गिळावासा वाटला.

तिसावा दिवस. पारा पंचेचाळीसच्या वर. कार्यालयाबाहेरच्या टायपिस्टकडून स्टॅम्पपेपर टाइप करून घेतला. मी एकेक शब्द वाचला, दोनदा. नाव, तारीख, गाव, साप, अग्नी, सगळं बरोबर. आत मॅडमच्या टेबलावर तो कागद ठेवला. बाजूला नत्थूनं रजिस्टर उघडून ठेवलं होतं, नोंद रद्द केल्याचा शेरा त्यावर मारायचा म्हणून.

आयुषनं पेन घेतलं. मी त्याच्या हाताकडं बघत होते, हे मी शपथेवर सांगते. मी पापणी लववली नाही. त्यानं स्टॅम्पपेपरवर, खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं टायपिस्टनं फुली मारून दिली होती तिथं निळ्या शाईनं सही केली. पेन ठेवलं. रुमालानं मान पुसली.

नत्थूनं रजिस्टर स्वतःकडं ओढलं, वाकून बघितलं.

"झालं," तो म्हणाला. "तीन पूर्ण."

मी रजिस्टरमध्ये बघितलं. तिसऱ्या ओळीवर आयुषची सही होती. शाई ओली होती.

मी स्टॅम्पपेपर उचलला. फुली होती. फुलीपुढं काही नव्हतं. मी तो खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, बोट फिरवलं. पेन टेकल्याची खूणसुद्धा नव्हती.

मी किंचाळले असेन. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, तुमच्यासमोरच केली ना त्यांनी सही? मागं प्रिंटर सुरू झाला होता.

मी आयुषची कॉलर धरली. सगळ्यांसमोर. सहा वर्षांत मी त्याच्यावर हात उचलला नव्हता.

"कशावर सही केली तू?"

त्यानं माझे हात सोडवले नाहीत. तो माझ्या डोळ्यांत बघतही नव्हता, माझ्या पायांकडं बघत होता.

"तुम्ही सांगितलं तिथंच केली," तो म्हणाला.

तुम्ही.

माझे हात आपोआप सुटले.

बाहेर येईपर्यंत मी त्याला शिव्या घालत होते. आईच्या पदराला बांधलेला म्हटलं, भेकड म्हटलं. एक तरी शब्द उलटा बोल म्हटलं, माझ्याशी भांड म्हटलं. तो पार्किंगमध्ये गाडीपाशी थांबला. नेहमी दोन हेल्मेट असतात, आज एकच होतं. मी नेहमीसारखी मागं बसायला गेले, तर तो चटकन बाजूला झाला, जसं अंगाला अंग लागू नये म्हणून होतात. मग वाकला आणि माझ्या पायांना हात लावला.

"येतो मी, वहिनी. तुम्ही इथंच थांबा."

त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दुःख नव्हतं, लाज नव्हती. सहा वर्षं तर अजिबात नव्हती. घरातल्या थोरल्या बाईशी बोलताना असतो, तसा साधा, अदबीचा चेहरा. तो गाडी काढून सदर बाजाराच्या दिशेनं गेला, आणि मी त्या उन्हात बिनसावलीच्या जागी उभी राहिले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. माझं नाव कोणी चोरलं नाही. मीच लिहून दिलं होतं, ठळक अक्षरात.

हातात नत्थूनं निघताना दिलेलं सर्टिफिकेट होतं. फाडायचंच होतं मला. पण आधी वाचलं, सवयच तशी. माझं नाव, बाबांचं नाव, त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, तारीख, तीन साक्षीदार. दोनदा तपासलं. एकही चूक नव्हती.

वर दोन फोटो छापलेले होते. डावीकडं माझा, नोटिशीसोबत दिलेला. उजवीकडं त्याचा. भिंतीवरच्या फोटोतल्यासारखेच केस पाण्यानं चापून बसवलेले. फक्त हा माणूस चोवीसचा नव्हता. गाल भरले होते, डोळ्यांखाली सुरकुत्या होत्या, आणि कानशिलापाशी चार-दोन केस पिकले होते. गालावर चार बोटांची हळद होती.